काप्तानाची घंटा

घंटी थांबली.

फादर आलोशियसनी पवित्र भाकर दोन्ही हातांनी वर उचलली होती. वेदीजवळच्या पोरानं घंटी वाजवायची तेवढी वाजवली आणि मांडीवर दाबून धरली. यानंतर जी शांतता पसरते ती आमच्या चर्चमध्ये आठवड्यातून एकदाच पसरते, कारण एरवी कुणीतरी खोकत असतं. त्या शांततेत बॅप्टिस्टचा अडीच वर्षांचा नातू पॉल आजोबाच्या मांडीवर उभा राहिला, त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि तो ओरडला.

तो जे ओरडला ते एका रेड्याच्या आईविषयी होतं. तिचं चारित्र्य, रेड्याचा जन्म आणि पुढचा पाय उचलण्याची आज्ञा, एवढं सगळं त्यात एका दमात येत होतं. एरवी पॉलला 'र' म्हणता येत नसे. त्या दिवशी आला.

आवाज पॉलचा होता, तरी सगळ्या चर्चनं वळून पाहिलं ते बॅप्टिस्टकडे. फादरनी हात नेहमीपेक्षा लवकर खाली आणले.

पोरानं चूक केली असं म्हणता येत नाही. त्याच्या अनुभवाप्रमाणे घंटा वाजते आहे तोवर सगळं ठीक असतं. घंटा थांबली की कुणीतरी ओरडायचं असतं. चर्चभर माणसं असून कुणी ओरडेना, म्हणून बिचाऱ्यानं ते काम अंगावर घेतलं.

हे त्याला शिकवलं होतं गिरीजमधल्या बॅप्टिस्टच्या वाडीनं. वाडीत केळी होत्या, पानवेली होत्या, थोडी वांगी, आणि विहिरीवर रहाट. रहाट ओढायला काप्तान नावाचा रेडा. डोळ्यांवर झापड, गळ्यात घंटा, आणि दिवसभर गोल गोल फिरायचं. काप्तान फिरला की चाक फिरे, चाकावरची डब्यांची माळ विहिरीतून वर येई आणि पाणी पाटात पडे. बॅप्टिस्ट मात्र विहिरीजवळ नसे. तो वाडीच्या दुसऱ्या टोकाला कुदळ घेऊन पाण्याची दारं धरत असे; एक आळं भरलं की त्याचं दार मातीनं बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. त्यामुळे रेडा चालतो आहे की उभा आहे, हे त्याला केळीच्या पानांआडून घंटेवरूनच कळे. घंटा थांबली की तो तिथूनच ओरडे. चाबूक इतक्या लांब पोचत नाही. शिवी पोचते.

काप्तानला चांदीपच्या एका शेतकऱ्याकडून आणलं तेव्हा तो शेतकरी म्हणाला होता, "लई गरीब जनावर हाय. नुसतं पानी दाखवा, चालतंय." बॅप्टिस्टला हे पटलं नव्हतं. त्यानं पहिल्याच सकाळी काप्तानला त्याच्या आईची ओळख करून दिली. तेव्हापासून काप्तानला दुसरी भाषा उरली नाही.

बॅप्टिस्ट रागीट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. राग यायला कारण लागतं. त्याला लागत नसे. कुदळीला, खिळ्याला, वाऱ्याला, केळीच्या न पिकलेल्या लोंगराला आणि पिकलेल्या लोंगरालाही तो सारख्याच मनानं शिव्या देई. त्याच्या पहिल्या आरोळीला आजूबाजूची घरं चहा ठेवत. गावात घड्याळं होती, पण त्यांना चावी द्यावी लागे.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुटल्यावर माणसं आवारात रेंगाळली.

"पोराचा गळा मोकळा हाय," लुईस म्हणाला. लुईसची वाडी बॅप्टिस्टच्या वाडीला लागून. त्याच्या विहिरीवर इंजिन होतं, म्हणून त्याला बोलायला वेळ होता. "गायनमंडळात घाला."

"तुझ्या..." बॅप्टिस्टनं सुरुवात केली आणि समोर सून उभी आहे हे पाहून उरलेलं वाक्य गिळलं.

सून लिडिया गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची.  घरी आल्यावर तिनं पलंगाखालची ट्रंक ओढली आणि पॉलचे कपडे घड्या घालून आत ठेवायला लागली.

"बाबा, मी भांडत नाही," ती म्हणाली. "मी वर्गात पोरांना हात जोडून प्रार्थना शिकवते. उद्या तीच पोरं मला विचारतील, बाई, तुमच्या पॉलची प्रार्थना कुठली. मी भुईगावला आईकडे जाते."

"किती दिवस?"

याचं उत्तर मुलानं दिलं. क्लेमेंट रोज जाऊन-येऊन मुंबईला एका विमा कचेरीत काम करायचा आणि कुठलंही उत्तर थोडं लांबवून देण्याची त्याला कामातून सवय झाली होती. "ईस्टरपर्यंत बघू."

"काय बघू?"

"तुम्हाला जमतं काय ते."

"आणि नाय जमलं तर?"

क्लेमेंटनं ट्रंक उचलून पाहिली, परत ठेवली. "बोरिवलीला एक खोली बघून ठेवलीय, बाबा. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

बॅप्टिस्टची बायको कार्मिन दारात उभी होती. तिनं पॉलच्या हातात सुकेळ्यांचा पुडा दिला, त्याचं नाक पदरानं पुसलं आणि आत गेली.  कार्मिन फारसं बोलत नाही, हे गावाला ठाऊक होतं. का, असं कुणी विचारलं नव्हतं, कारण बॅप्टिस्टच्या बोलण्यात विचारायला फट मिळत नसे.

राखेच्या बुधवारी उपासकाळ सुरू झाला. कपाळावर राख लावून घ्यायच्या आधी बॅप्टिस्ट कुमसाराला गेला. म्हणजे लाकडी जाळीपाशी गुडघे टेकून पापं सांगायला. जाळीपलीकडे फादर आलोशियस होते. जाळी असल्यामुळे कोण बोलतंय ते कळत नाही असं मानायची पद्धत आहे.

"फादर, मी शिव्या देतो."

"हो," फादर म्हणाले. मग त्यांना वाटलं, विचारायला हवं. "कुणाला?"

"रेड्याला."

"आणखी?"

"आणखी वस्तूंना."

"बरं. मग या चाळीस दिवसांत मटण सोडा. लोक सोडतात."

"मटण नाय. शिव्या सोडतो."

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. "बॅप्टिस्ट," फादर पद्धत विसरून म्हणाले, "मटण सोपं आहे."

"ते मला माहीत हाय. पण फादर, दर रविवारी पवित्र भाकर देताना तुम्ही माझ्या जिभेवर देव ठेवता. तुम्हाला काय माहीत, तो तिथं कुणाकुणाच्या शेजारी बसतो ते. माझ्या नातवाला कळलं. मला इतकी वर्षं कळलं नाय."

फादरनी पापक्षमा दिली. नंतरच्या प्रवचनात ते जिभेविषयीच बोलले. एकाच विहिरीतून गोडं आणि खारं पाणी येईल काय, असं त्यांनी लोकांना विचारलं. उत्तर अपेक्षित नव्हतं.

"येतं," बॅप्टिस्ट मागच्या बाकावरून म्हणाला. "लुईसच्या येतं. सकाळी गोडं, दुपारी खारं. इंजिन लावल्यापासून."

लोक हसले. लुईस हसला नाही, कारण ते खरं होतं. इंजिन भसाभस पाणी उपसतं, मग खालून समुद्र वर येतो. रहाट हळू ओढतो, म्हणून बॅप्टिस्टची विहीर अजून गोडी होती. त्यामुळे इंजिनाचा मार्ग बंद. राहिला काप्तान.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅप्टिस्टनं काप्तानला जुंपलं, झापड बांधली, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "चल बाबा."

काप्तान उभा राहिला.

"चल हो."

काप्तानचे कान मागे गेले. असला आवाज त्यानं ऐकला नव्हता. कुणीतरी वारलं असावं, असा तो मान खाली घालून उभा होता.

बॅप्टिस्टनं त्याला मागून ढकललं तेव्हा तो चालला. बॅप्टिस्ट पळत वाडीच्या टोकाला गेला आणि पोचतो तोच घंटा थांबली. तो पळत परत आला. रेडा चालला, पाणी आलं. तो रेड्याजवळ थांबला तर पहिलं आळं भरून वाहून गेलं आणि दुसऱ्यात थेंब नाही. तो आळ्यापाशी थांबला तर घंटा नाही. दुपारपर्यंत वाडीत सगळ्यात जास्त पाणी बॅप्टिस्टच्या अंगावरून वाहिलं. कार्मिन रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन बाजारात भाजी विकायला जायची आणि ऊन चढल्यावर यायची, त्यामुळे मदतीला कुणी नव्हतं.

त्यानं उपाय केले. शिट्टी वाजवली, शेजारचं कुत्रं आलं. डबा बडवला, काप्तान उलटा फिरला आणि विहिरीतून वर येणारं पाणी विहिरीत परत गेलं. संतांची नामावळी मोठ्यानं म्हणून पाहिली, एकेका संताला 'आम्हासाठी विनंती कर' असं खड्या आवाजात. संत पीटरपर्यंत काप्तान ऐकत होता. त्यानंतर तो खाली बसला.

गावाचीही गैरसोय झाली. पहिली आरोळी येईना, म्हणून घरोघरी चहाला उशीर होऊ लागला, आणि लिडियाच्या वर्गात निम्मी पोरं प्रार्थना झाल्यावर यायला लागली.

"इंजिन भाड्यानं घे," लुईस कुंपणावरून म्हणाला. "इंजिनाला आई नसते."

"नको लुईस," बॅप्टिस्ट शांतपणे म्हणाला. "तू विचारलंस, बरं वाटलं."

लुईस घाबरून घरी गेला आणि बायकोला म्हणाला की बॅप्टिस्टचं काही खरं नाही.

केळीची पानं मधल्या शिरेपाशी दुमडून खाली लोंबायला लागली. लोंगर धरलेल्या झाडांना मार्चमध्ये पाणी मिळालं नाही तर फणीतलं केळं बोटाएवढंच राहतं. समुद्राकडची रांग आधी पिवळी पडली. त्या संध्याकाळी जगन्नाथ बांधावर येऊन बसला.

जगन्नाथची नारळाची वाडी बॅप्टिस्टच्या दुसऱ्या बाजूला. दोघं लहानपणी एका पाटीवर लिहायला शिकलेले. जगन्नाथ सभ्य माणूस होता. इतका, की नारळ चोरणाऱ्याला त्यानं एकदा 'सावकाश उतर' म्हटलं होतं.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "उपास तुझा आहे. माझा नाही. शिव्या मी देतो."

बॅप्टिस्टनं यावर विचार केला. मग दोघं चर्चकडे गेले. फादर आलोशियस गुलाबांना पाणी घालत होते.

"फादर, शेजाऱ्यानं मटण खाल्लं तर माझा उपास मोडतो काय?"

"नाही."

"मग जगन्नाथनं माझ्या रेड्याला शिव्या दिल्या तर?"

फादरनी झारी खाली ठेवली. त्यांनी जगन्नाथकडे पाहिलं. जगन्नाथनं नमस्कार केला.

"हा प्रश्न," फादर म्हणाले, "तुम्ही मला विचारलाच नाही असं आपण तिघं समजू."

दुसऱ्या दिवशी जगन्नाथ धुतलेला सदरा घालून रहाटापाशी उभा राहिला. बॅप्टिस्ट कुदळ घेऊन टोकाला गेला. घंटा थांबली. जगन्नाथनं घसा साफ केला.

"अरे मूर्खा," तो म्हणाला. "तुला काही समजतं का?"

काप्तान उभा.

"नालायका." थोडं थांबून, "बेजबाबदार."

"आईवरून," लांबून बॅप्टिस्ट ओरडला. "आईवरून काढ."

जगन्नाथ बराच वेळ रेड्याकडे पाहत राहिला. "तुझ्या आईला," तो म्हणाला, "काय वाटत असेल?"

रेडा मान खाली घालून उभा राहिला. जगन्नाथलाही वाईट वाटलं. तरी त्यानं हार मानली नाही. संध्याकाळी घरी जाऊन परसात सराव केला. त्याची बायको मंदा तेव्हा विहिरीवर होती. तिनं सगळं ऐकलं आणि त्या रात्री त्याचं ताट ओटीवर आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी जगन्नाथ आला नाही. बांधावरूनच हात हलवून म्हणाला, "घरात जमत नाही रे."

त्या आठवड्यात वांगी संपली होती, केळी कापण्यासारखी नव्हती आणि पानवेलींची पानं कातड्यासारखी झाली होती. विकायला काही नव्हतं, म्हणून कार्मिन बाजारात गेली नाही. बॅप्टिस्टला हे माहीत नव्हतं. तो पहाटेच रेड्याला जुंपून टोकाला गेला होता.

घंटा थांबली.

बॅप्टिस्टनं तोंड उघडलं आणि मिटलं. समोरच्या झाडाचं लोंगर वाकून मातीला टेकलं होतं. त्याला पॉलचं नाक आठवलं, बोरिवलीची न पाहिलेली खोली आठवली. त्यानं डोळे मिटून येशूचं नाव घेतलं, आणि त्याच क्षणी विहिरीकडून त्याची स्वतःची आरोळी आली. रेड्याच्या आईची, पूर्ण, शेवटच्या हेलासकट.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपला उपास मोडला. त्यानं तोंडावर हात ठेवून पाहिला. तोंड बंद होतं.

घंटा वाजायला लागली. पाट ओला झाला, मग पाणी आलं, पाचोळा पुढे ढकलत आलं. बॅप्टिस्टनं क्रुसाची खूण केली. दुसरी आरोळी आली; ती रेड्याच्या खुरांविषयी होती. तिसरी त्याच्या बैठकीविषयी. आवाज बाईचा होता, पण चढ, उतार, मध्ये श्वास घ्यायची जागा, सगळं बॅप्टिस्टचं. तो खूश होऊन भराभर दारं फोडत होता.

चौथी आरोळी आली. "भात शिजवता येत नाय, बापानं काय शिकवलं तुला?"

बॅप्टिस्टची कुदळ थांबली. काप्तानला भात शिजवायला कुणी सांगितलं नव्हतं.

"तोंड मिट. तुला इथं कोण विचारतं?"

घंटा वाजत होती.

"पोर रडतंय, ऐकू येत नाय? बहिरी हायस?" हे क्लेमेंट पाळण्यात होता तेव्हाचं. "जा माहेरी. जा. परत येऊ नको." हे तिची आई गेली त्या वर्षीचं. त्या वर्षी ती गेली होती आणि दोन दिवसांत परत आली होती, कारण वांगी तोडायला आली होती.

काप्तानला यातलं कुठलं आपलं आणि कुठलं नाही, ते कळत नव्हतं. सगळं एका आवाजात होतं आणि त्या आवाजाला तो चालत होता. बॅप्टिस्टच्या पायाखालचं आळं भरलं, काठावरून वाहिलं आणि शेजारच्या वाफ्यात शिरलं. तो कुदळ तिथेच टाकून विहिरीकडे चालत गेला.

कार्मिन दगडावर बसून भोपळ्याच्या वेलाचे शेंडे खुडत होती. चेहरा रोजचाच होता. रागावलेली माणसं शेंडे असे नीट खुडत नाहीत.

"थांबू?" ती म्हणाली. "पलीकडच्या केळीला अजून पोचलं नाय."

"हे तू कधी शिकलीस?"

"शिकायला कुठं जायला लागतं. मी इथंच असते."

बॅप्टिस्ट उभा राहिला. घंटा थांबली होती. "ते भाताचं," तो म्हणाला. "ते रेड्याला नव्हतं."

"नाय."

"ते माहेरचं पण."

कार्मिननं शेंडे पदरात गोळा केले. "त्याला झापड तरी होती," ती म्हणाली.

 वापरातले शब्द बॅप्टिस्टनं सोडले होते, आणि ते वजा केल्यावर फार थोडं उरत होतं. त्यानं काप्तानच्या गळ्याची दोरी हातात घेतली.

"तू जा. दारं धर. मी याच्याबरोबर चालतो."

"मला दारं धरायला कधी दिलीत तुम्ही?"

"आता धर."

कार्मिन गेली. बॅप्टिस्ट काप्तानच्या बाजूनं चालायला लागला. बाजूला माणूस आहे म्हटल्यावर काप्तानही चालला. चार फेऱ्या झाल्यावर बॅप्टिस्टला कळलं की इथून काहीच दिसत नाही. पाणी कुठवर गेलं, आळं भरलं की फुटलं, काही नाही. इतकी वर्षं वाडी त्यानं दुसऱ्या टोकाकडून पाहिली होती.

"ए, पोचलं काय?" तो ओरडला. जुन्याच आवाजात.

काप्तान दचकून दोन पावलं पळाला. वाडीतून उत्तर आलं नाही.

"पोचलं काय म्हणतोय?"

केळीची पानं हलली. उत्तर नाही. कार्मिन बहिरी नव्हती, हे एव्हाना सिद्ध झालं होतं.

बॅप्टिस्ट एक फेरी गप्प चालला. काप्तानही विचारात पडल्यासारखा थांबला. मग बॅप्टिस्ट म्हणाला, ओरडला नाही, नुसता आवाज लांबवला, "पोचलं काय गो?"

"पोचलं," पानांआडून कार्मिन म्हणाली. "पुढचं फोडते."

आणि काप्तान चालायला लागला.

संध्याकाळी बॅप्टिस्टनं दुसरा घास घेतला आणि म्हणाला, "भात चांगला झालाय."

कार्मिननं पातेल्यात डोकावून पाहिलं. "रोज असाच असतो."

"होय," बॅप्टिस्ट म्हणाला. त्या दिवशी त्याच्यानं एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी तो तिला विचारून तिच्याबरोबर भोपळ्याच्या शेंड्यांची पाटी बाजारात पोचवायला गेला. गावात यावर बरीच चर्चा झाली.

समुद्राकडची रांग वाचली नाही. तिथली झाडं तोडून टाकावी लागली. बाकीच्या केळींनी हळूहळू पानं उचलली. रहाटापाशी आता एकच बोलणं चाले. पाटी पोचवून दोघं परतली की बॅप्टिस्ट काप्तानबरोबर फिरे, घंटा मंदावली की 'पोचलं काय गो?' म्हणे, तिकडून 'पोचलं' येई, आणि काप्तान पाय उचले. काही दिवसांनी बॅप्टिस्टला त्याच्याबरोबर चालायचीही गरज उरली नाही. तो प्रश्न आपल्यालाच विचारलेला आहे आणि त्याचं उत्तर चालून द्यायचं असतं, असं काप्तानचं मत झालं होतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारनंतर शाळेला सुट्टी लागली. लिडिया कुणाला न कळवता पॉलला घेऊन आली आणि वाडीच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. आत घंटा वाजत होती. मग थांबली. लिडियानं चटकन दोन्ही हातांनी पॉलचे कान झाकले. पण तिचे स्वतःचे उघडे राहिले.

"पोचलं काय गो?"

"पोचलं. जरा दम धरा, माती वाहून गेलीय."

"धरतो."

लिडिया तशीच उभी राहिली. पॉलनं मान सोडवून घेतली आणि कुंपणाच्या फटीतून आत पळाला. ती त्याच्यामागे गेली, दोन दिवस राहीन म्हणाली आणि आठवडाभर राहिली. कपडे पिशवीतून काढून पिशवीतच ठेवत होती. ट्रंक भुईगावलाच होती. पॉल दिवसभर आजोबाबरोबर रहाटापाशी असायचा. क्लेमेंट रोज संध्याकाळी वाडीत येऊन कान देऊन उभा राही.  एकदा म्हणाला, "ईस्टरला मिस्सात कळेलच."

गुड फ्रायडेच्या आधी बॅप्टिस्ट परत जाळीपाशी गुडघ्यावर बसला.

"उपास पाळला, फादर."

"मला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. लोक उशिरा उठतात."

"पण मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. रेड्याला नि वस्तूंना देतो म्हणालो. ते तेवढंच नव्हतं. घरात पण होतं." तो थांबला. "जास्त घरातच होतं. मला ते शिव्या वाटतच नव्हत्या. मला वाटायचं, मी बोलतोय."

फादर आलोशियस जाळीकडे सरकले. "आणि आता?"

"आता विचारतो."

"काय विचारता?"

"पोचलं काय म्हणून."

फादरना हे कळलं नाही. मग बॅप्टिस्टनं त्यांना जाळीतून रहाट, दारं, पाट, सगळं नीट समजावून सांगितलं, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांना वाटलं की आज बॅप्टिस्टची पापं फारच आहेत.

ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. लिडियानं स्वतः पॉलला बॅप्टिस्टच्या हातात दिलं आणि उजवीकडे कार्मिनच्या शेजारी जाऊन बसली. क्लेमेंट बॅप्टिस्टला खेटून बसला. त्याचा एक हात मोकळा होता आणि पॉलच्या तोंडापासून फार लांब नव्हता. मागच्या बाकावर लुईस होता. जगन्नाथ शेवटच्या खांबाला टेकून उभा होता. सणाच्या दिवशी तो यायचाच, या वर्षी जरा पुढे उभा होता.

फादर आलोशियसनी पवित्र भाकर वर उचलली. वेदीजवळच्या पोरानं घंटी वाजवली, वाजवायची तेवढी वाजवली, आणि त्यानंही एकदा बॅप्टिस्टकडे पाहून मग ती मांडीवर दाबून धरली.

घंटी थांबली.

कुणी खोकलं नाही. पॉल मांडीवर उभा राहिला. त्यानं आजोबाकडे पाहिलं, वेदीकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला. क्लेमेंटचा हात निघाला, पण बॅप्टिस्टनं तो मध्येच धरला.

"पोचलं काय गो?" पॉल म्हणाला. ओरडला नाही. नुसता आवाज लांबवला.

उजव्या बाजूला, पदर डोक्यावर घेतलेली कार्मिन मान खाली घालून गुडघ्यांवर होती. तिनं मान वर केली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "पोचलं."

तिच्या शेजारून लिडियानं नवऱ्याकडे पाहिलं आणि भुईगावच्या दिशेनं मान हलवली. ट्रंक दुपारी आली.

फादर आलोशियसचे हात वरच होते. ते त्यांनी नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ वर ठेवले.